बॉनेटवरचा हात : अमेरिकी शेतांवरचे पहिले ट्रक आणि त्यांची छायाचित्रे

आमच्या घरात वडिलांचा एकच मोठा फोटो आहे. पांढरा सदरा, धोतर, गांधी टोपी आणि उजवा हात एका ट्रकच्या बॉनेटवर. रेडिएटरला झेंडूचा हार आहे, म्हणजे दसरा असणार. लहानपणी मी हा फोटो दाखवून मित्रांना सांगत असे, "आमचा ट्रक होता." पुढे बऱ्याच वर्षांनी आईने भाकऱ्या थापता थापता सहज सांगितले, की ट्रक आमचा कधीच नव्हता. तो अडत्याचा होता. त्या वर्षीचा आमचा सगळा गूळ उचलीपोटी त्याच ट्रकमधून बाजाराला गेला होता. फोटो काढणारा म्हणाला, हात ठेवा, बरे दिसेल, वडिलांनी ठेवला.

तेव्हापासून जुन्या फोटोत माणूस आणि वाहन एकत्र दिसले, की मी आधी हात बघतो. हात कुठे आहे, पाय कुठे आहे, कोण वाहनाला टेकले आहे आणि कोण चार पावले लांब उभे आहे. विद्यापीठात न शिकलेल्या माणसाची ही घरगुती पद्धत आहे. ती तपासून पाहायची तर भरपूर फोटो हवेत, त्यांना तारखा आणि ठिकाणे हवीत. असा साठा मला अमेरिकेत सापडला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले तिथल्या शेतांवरचे हजारो फोटो ग्रंथालयांनी आणि संग्रहालयांनी संगणकावर खुले केले आहेत. शिवाय ती वाहने आपल्याला अगदी परकी नाहीत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता.

या फोटोंबद्दल सहसा दोनच प्रकारे बोलले जाते. एक, 'ते साधे, सुखाचे दिवस'. दिनदर्शिकांवर आणि जुन्या गाड्यांच्या हौशी पुस्तकांत हा सूर असतो. दोन, 'मंदीने उद्ध्वस्त झालेला शेतकरी'. पाठ्यपुस्तकांत आणि प्रदर्शनांत हा असतो. पहिल्यात ट्रक म्हणजे प्रगती, दुसऱ्यात पराभव. मला वाटते, दोन्ही वाचने घाईची आहेत. त्यांत ट्रककडे कोणी नीट पाहिलेलेच नाही.

फळ्यांचा हौदा

आधी वस्तू समजून घेऊ. फोर्डची मॉडेल टी १९०८ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आली. तिची उंची चिखलाच्या, चाकोऱ्या पडलेल्या रस्त्यांना सोयीची होती. शेतकऱ्याने ती मोटार म्हणून घेतली आणि लवकरच तिच्याकडून शेतीची कामे करून घेऊ लागला. मागची बाजू काढून फळ्यांचा हौदा बसवला, की ती मालगाडी होई. मागचे चाक जॅकवर उचलून त्यावरून पट्टा फिरवला, की तिच्यावर लाकूड कापायची करवत चाले, पंप चाले, कणसे सोलायचे यंत्र चाले. रोनाल्ड क्लाइन आणि ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ च्या एका लेखात हा इतिहास नीट मांडला आहे. यंत्र कारखान्यात पुरे होत नाही, वापरणारा ते पुरे करतो, हा त्यांच्या मांडणीचा गाभा आहे.

इंटरनॅशनल हार्वेस्टर ही शेतीची अवजारे बनवणारी कंपनी. १९०७ मध्ये तिने ऑटो बग्गी काढली आणि पाठोपाठ ऑटो वॅगन. तिची चाके घोडागाडीसारखी उंच आणि बारीक होती, इंजिन बैठकीच्या खाली. फोटोत ती पाहिली, की कोणी घोडा सोडून नेला आहे आणि गाडी तशीच उभी आहे असे वाटते. मागची बैठक काढली की माल वाहायचा. रविवारी ती परत बसवून सगळ्यांनी चर्चला जायचे.

मग १९१७ मध्ये फोर्डने मॉडेल टीटी आणली. सुमारे एक टन माल वाहणारी, ६०० डॉलरची. पण या किमतीत मिळे ती फक्त चासी. केबिन आणि हौदा ज्याचा त्याने करून घ्यायचा. म्हणून टीटीचे दोन फोटो शेजारी ठेवले, तर पुढचा भाग सारखा आणि मागचा वेगळा दिसतो. एकीला दूध केंद्रावर कॅन नेण्यासाठी बुटक्या कडांचा हौदा, दुसरीला डुकरे नेण्यासाठी उंच पट्ट्यांचा पिंजरा. पुढचा भाग कारखान्यातला, मागचा गावच्या सुताराचा. ज्या शेताचे जे पीक, तसा तिचा हौदा. कारखान्यातूनच मागच्या हौद्यासह तयार होऊन आलेली फोर्डची पहिली पिकअप १९२५ मध्ये मिळू लागली, २८१ डॉलरला.

प्रसार किती झाला, ते शेतीगणना सांगते. १९२० मध्ये अमेरिकेतल्या शेतांवर सुमारे १ लाख ३९ हजार ट्रक होते. १९३० मध्ये सुमारे ९ लाख. शेते दोन्ही वेळी साठ लाखांहून अधिक होती. म्हणजे दहा वर्षांत सहापटीहून जास्त वाढ होऊनही सातांपैकी फार तर एका शेताकडे ट्रक असावा. 'तेव्हा प्रत्येकाच्या दारात ट्रक होता' असे जुने फोटो पाहून वाटते, ते खरे नाही. ज्याच्याकडे ट्रक होता त्याने फोटो काढला, आणि ज्याने फोटो काढला त्याचाच आपल्यापर्यंत आला.

फोटोचे वर्ष, ट्रकचे वर्ष

तारीख लावण्याचे काम रुक्ष वाटते, पण माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. मॉडेल टीचा रेडिएटर पितळी असेल तर गाडी १९१७ च्या मॉडेलच्या आधीची. काळा असेल तर नंतरची. नंबरप्लेट बऱ्याच राज्यांत दर वर्षी बदलायची आणि तिच्यावर वर्ष छापलेले असायचे, त्यामुळे भिंगाखाली ती वाचता आली तर वर्षच हाती लागते. कोडॅकने १९१४ मध्ये 'ऑटोग्राफिक' कॅमेरा आणला. त्याच्या पाठीवर एक छोटी झडप असे. ती उघडून धातूच्या टोकाने दोन शब्द खरडले, की ते निगेटिव्हच्या कडेला उमटत. असा फोटो हाती आला, की तो काढणाऱ्याचे अक्षरच समोर येते.

पण ट्रकच्या मॉडेलवरून फोटोची तारीख ठरवणे ही चूक आहे आणि ती सर्रास होते. मॉडेल सांगते ते एवढेच, की फोटो यापूर्वीचा नाही. शेतावर ट्रक पंधरा-वीस वर्षे टिकतो. तुटतो, जोडला जातो, विकला जातो, पुन्हा जोडला जातो. म्हणून मी प्रत्येक फोटोसाठी दोन वर्षे लिहून ठेवतो, ट्रकचे आणि फोटोचे, आणि मग त्या दोहोंतले अंतर. कौटुंबिक आल्बममध्ये हे अंतर बहुधा शून्य किंवा एक असते. ट्रक नवा आहे, म्हणून तर फोटो. तिशीच्या दशकातल्या सरकारी फोटोंत ते बऱ्याचदा दहा-बारा वर्षांचे असते. समोर १९३६ साल, आणि ट्रक विशीच्या दशकातला.

या दहा-बारा वर्षांत काय घडले? गव्हाचा भाव १९१९ मध्ये बुशेलला दोन डॉलरच्या वर होता, तो १९३२ मध्ये चाळीस सेंटच्या खाली आला. जनरल मोटर्सने १९१९ मध्ये हप्त्यांवर गाड्या विकण्यासाठी स्वतंत्र वित्तकंपनी काढली होती. वाहन हप्त्यावर घेण्याची सवय याच काळात रुळली. हप्ता डॉलरमध्ये ठरलेला, आणि डॉलर मिळवायला पाचपटीहून जास्त गहू घालावा लागणार. नवा ट्रक घेण्याचे दिवस संपले. जुना होता त्यालाच तारा बांधून चालवायचे. फोटोच्या आणि ट्रकच्या वर्षांमधले अंतर म्हणजे ही न भरलेली जागा आहे. हा काळ कुणी आल्बममध्ये चिकटवला नाही. घरात पैसे नसतात, तेव्हा फिल्मही विकत आणली जात नाही.

पुढून काढलेला ट्रक

आता आल्बममधल्या फोटोंची मांडणी पाहू. माझ्या पाहण्यातल्या बहुसंख्य फोटोंत ट्रक पुढून किंवा तिरका दिसतो. हौदा रिकामा. माणसे रविवारच्या कपड्यांत. घरधन्याचा हात बॉनेटवर किंवा पाय फूटबोर्डवर, चाकावर मुलगा बसवलेला, बाई एका बाजूला. कधी कधी खालच्या बाजूला गवतावर एक लांब सावली पडलेली असते. ऊन पाठीशी घेऊन फोटो काढावा असा तेव्हाचा नियम होता, त्यामुळे फोटो काढणाऱ्याची सावली चौकटीत शिरते. ती सावली झग्याची असेल, तर बाई फोटोत का नाही याचे उत्तर मिळते. एक डॉलरचा ब्राउनी कॅमेरा १९०० मध्ये आला आणि घरातला कोणीही फोटो काढू लागला.

या मांडणीचा अर्थ 'मालकीचा अभिमान' असा लगेच लावू नये. साध्या बॉक्स कॅमेऱ्याचा शटर संथ होता. धावता ट्रक त्यात धूसर यायचा, आणि गोठ्यातल्या अंधारात काहीच यायचे नाही. रविवार हा मोकळा दिवस. तेव्हा उभा ट्रक, ऊन आणि स्वच्छ कपडे यांत काही भाग तांत्रिक सक्तीचा आहे. पण ही सूट दिली तरी एक गोष्ट उरते. ट्रक ज्या कामासाठी घेतला ते काम त्याच्या मागच्या भागात चालते, आणि आल्बममध्ये मागचा भाग जवळजवळ नसतोच. त्या सुताराने शेताच्या गरजेनुसार बांधलेला हौदा, ज्यात त्या घराचे सगळे अर्थकारण आहे, तोच चौकटीबाहेर राहतो.

कंपन्यांनी जाहिरातीसाठी काढलेल्या फोटोंत नेमके उलटे आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा मोठा संग्रह आज विस्कॉन्सिनच्या हिस्टॉरिकल सोसायटीकडे आहे. त्यात हौदे भरलेले असतात, पोती रचलेली असतात. पण माल कोणाचा, आणि तो विकून काय आले, हे तिथे कळण्याचा संभव नाही. माणूस तिथे ट्रक केवढा आहे हे कळावे म्हणून उभा केलेला असतो.

मागून काढलेला ट्रक

ट्रकच्या मागे जाऊन उभे राहिले ते सरकारी छायाचित्रकार. १९३५ मध्ये 'रीसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन' स्थापन झाली. १९३७ मध्ये तिचे नाव 'फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन' झाले. रॉय स्ट्रायकर यांच्या देखरेखीखाली डोरोथिया लँग, रसेल ली, आर्थर रोथस्टीन, वॉकर इव्हान्स अशा छायाचित्रकारांनी काढलेल्या फोटोंच्या सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. स्ट्रायकरना नापसंत पडलेल्या अनेक निगेटिव्हना सुरुवातीच्या वर्षांत छिद्र पाडले गेले. आभाळात, शेतात, कधी माणसाच्या चेहऱ्यावर काळे गोल वर्तुळ असलेले ते फोटोही जपलेले आहेत. निवड कोण करतो, याची एवढी उघड खूण दुसऱ्या कुठल्या संग्रहात मी पाहिली नाही.

रसेल ली यांनी १९३९ च्या जूनमध्ये ओक्लाहोमातल्या मस्कोगीहून कॅलिफोर्नियाला निघालेल्या एका कुटुंबाची फोटोमालिका केली. सामान चढवण्यापासून निरोपापर्यंत आणि पुढे रस्त्यावर ते त्यांच्यासोबत राहिले. इथे ट्रक मागून दिसतो, आणि मागे घर असते: गाद्या, भांडी, पोरे. आल्बममध्ये ट्रकच्या पुढ्यात उभे असलेले कुटुंब आता ट्रकच्या आत बसले आहे.

लँग यांनी १९३७ मध्ये मेम्फिसला काढलेल्या फोटोंत पहाटे मजूर ट्रकमध्ये चढताना दिसतात. त्यांना नदीपलीकडे आर्कान्सामध्ये कापसाच्या खुरपणीला न्यायचे आहे. ट्रक त्यांचा नाही, शेत त्यांचे नाही. संध्याकाळी त्यांना परत आणून सोडले जाणार. माणसे माल म्हणून ट्रकमध्ये भरलेली पाहायला बीडच्या वाचकाला मेम्फिसला जायची गरज नाही. लँग यांचाच १९३८ चा टेक्ससमधल्या चिल्ड्रेस काउंटीचा फोटो आहे. ट्रॅक्टरने ओढलेले तास रिकाम्या घराच्या भिंतीपर्यंत आले आहेत. १९३३ पासून कापसाचे क्षेत्र कमी करण्यासाठी सरकार पैसे देऊ लागले. ते जमीनमालकाच्या हाती पडत. बऱ्याच मालकांनी बटाईदार काढले आणि ट्रॅक्टर घेतला. ट्रॅक्टर शेतात आला, म्हणून माणसे ट्रकमध्ये गेली. यंत्र चांगले की वाईट, हा प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही यंत्रेच, एक मालकाच्या पैशाने आले, दुसरे निघून जाणाऱ्याच्या शेवटच्या पुंजीने चालले.

कात्री

माझ्या पद्धतीची खरी परीक्षा एका फोटोत झाली. त्यातले वाहन ट्रक नसून मोटार आहे, तरी तो इथे हवाच. लँग यांनी १९३६ मध्ये मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलजवळ तो काढला. एक धिप्पाड गोरा माणूस, मळ्याचा देखरेख्या, दुकानासमोर उभा आहे. त्याचा एक पाय मोटारीच्या बंपरवर आहे. त्याच्या मागे दुकानाच्या ओट्यावर काळे शेतमजूर आहेत. पुढे मोटार, मग पाय ठेवलेला माणूस, मग बाकीचे. मळ्यावरची सगळी उतरंड त्या एका पायावर उभी आहे.

१९३८ मध्ये कवी आर्चिबाल्ड मॅक्लीश यांचे 'लँड ऑफ द फ्री' हे पुस्तक निघाले. या सरकारी फोटोंना जोडून लिहिलेली ती दीर्घ कविता आहे. तिच्यात हा फोटो आहे, पण मागची काळी माणसे कापलेली आहेत. उरला तो एकटा गोरा माणूस, स्वतंत्र अमेरिकी शेतकऱ्याचा नमुना म्हणून. मजूर गेले, की बंपरवरच्या पायाचा अर्थही गेला. धाक होता, तो ऐट झाला. मला हे कळले तेव्हा रात्रभर झोप आली नाही. कारण मीही लहानपणी हेच केले होते. अडत्या चौकटीत नव्हताच. उरलेल्या फोटोतून मी वडिलांना ट्रकमालक करून टाकले होते.

मथळासुद्धा कात्रीचे काम करतो. लँग यांचा सर्वांत प्रसिद्ध फोटो 'मायग्रंट मदर', मार्च १९३६, निपोमो, कॅलिफोर्निया. चौकटीत वाहन नाही. पण १९६० मध्ये त्या प्रसंगाबद्दल लिहिताना लँग यांनी नोंदवले, की त्या बाईने अन्नासाठी नुकतेच गाडीचे टायर विकले होते. ती बाई म्हणजे फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. पुढे तिच्या मुलाने ही गोष्ट साफ नाकारली. विकायला जादा टायर नव्हतेच. जे होते ते हडसन गाडीला होते आणि त्यांच्यावरूनच ते कुटुंब तिथून निघाले, असे त्याचे म्हणणे. लँग यांची दोन मुक्कामांच्या टिपणांत गल्लत झाली असेल. पण ही चूक बोलकी आहे. टायर विकलेली बाई जागच्या जागी खिळते, आणि टायर असलेली बाई पुढे जाते. जगाला पहिली हवी होती.

इथे मला सरकारी फोटोंशीही भांडायचे आहे. ते मागून पाहतात, हा त्यांचा मोठेपणा. पण त्यांतला ट्रक वाचणारे आपण त्याला हतबलतेची खूण मानतो. खरे तर जे सर्वांत गरीब होते, त्यांना निघताही आले नाही. ट्रक असलेले कुटुंब कर्जात बुडालेले असेल, बेघर असेल; पण बारा वर्षे जुने इंजिन चालू ठेवण्याची अक्कल त्याच्याकडे होती. स्टाइनबेक यांच्या १९३९ च्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' मध्ये जोड कुटुंब जुन्या हडसन मोटारीचा मागचा भाग कापून ट्रक करते आणि पोरगा अल त्याची निगा राखतो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मॉडेल टीच्या चाकावर पट्टा चढवणारा शेतकरी आणि हा पोरगा, कौशल्य तेच. फरक इतकाच, की आधी ते शेत चालवायला वापरले, आता शेत सोडायला.

शेवटी

तीन साध्या सूचना मी स्वतःसाठी लिहून ठेवल्या आहेत. ट्रकचे आणि फोटोचे वर्ष वेगवेगळे लिहावे. फोटो पुढून आहे की मागून, ते पाहावे. आणि हात कोणाचा, ट्रक कोणाचा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. यातून प्रगती किंवा पराभव असा मोठा शब्द निघत नाही. हप्ता, भाव, उचल, टायर असे छोटे शब्द निघतात. शेतकऱ्याचा इतिहास मला तरी या शब्दांत जास्त खरा वाटतो.

वडिलांचा फोटो अजून भिंतीवर आहे. मागच्या दिवाळीत काच पुसताना तो काढून मागची बाजू पाहिली. कोरी पाठ. मी पेन्सिलीने लिहिले: ट्रक अडत्याचा. हात आमचा. गूळ आमचा. साल माहीत नाही.